एकटीचं गाव आणि सगळ्यांचं गाव

१४ नोव्हेंबर १९९९, रविवार. सासूबाईंची गादी गॅलरीच्या कठड्यावर उन्हात टाकली, त्यांना खुर्चीत बसवलं आणि पलंगावरची रबरी चादर सोड्याच्या पाण्यानं घासायला घेतली. त्यांना अर्धांगवायू झाल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, हे काम माझं होतं. त्याआधी मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढत असे. बिनपगारी रजा वाढवत वाढवत शेवटी संपली होती. दिवाळीआधी हेड ड्राफ्ट्समननी निरोप धाडला, की पंधरा तारखेला, सोमवारी, टेबलावर दिसलात तर ठीक, नाहीतर जागा भरतो.

मी घरात विषय काढला होता. दिवसभरासाठी एक बाई ठेवू, असं सुचवलं. नवरा म्हणाला, परक्या बाईचा हात आईला चालणार नाही. सासूबाई आतच झोपल्या होत्या. त्यांना बोलता येत होतं, शब्द जरा ओढत, पण येत होतं. त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही. विषय मिटला आणि निरोपाला उत्तर गेलं नाही.

त्या दोन वर्षांत मी घराबाहेर पडले ती भाजीपुरती आणि औषधापुरती. बाकी फिरणं झालं ते कॉम्प्युटरवर. मशीन धाकट्या दिराचं. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, राहायला टिटवाळ्याला, नव्या इमारतीत. तिथे फोनची लाइन यायची होती, म्हणून मशीन आमच्या मानपाड्याच्या घरात आणि तो दर रविवारी हजर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता, त्यामुळे आमचं अरेतुरेचंच. त्यानं मशीनवर एक खेळ टाकून ठेवला होता आणि आठवडाभर तो माझा असायचा.

खेळ म्हणजे समुद्राकाठचं एक ओसाड गाव. कोडी होती, किल्ल्या शोधायच्या होत्या, पण मला त्यात रस नव्हता. मी नुसती हिंडत असे. नकाशे काढणाऱ्या बाईला चित्रातली लबाडी लगेच दिसते, आणि इथे ती सापडत नव्हती. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या, प्रत्येक वेगळी. खिडकीतून जमिनीवर पडलेलं ऊन खिडकीच्या गजांशी बरोबर जुळणारं. आतून हाक आली की एक बटण दाबायचं. लाटसुद्धा फुटायची थांबे. मी सासूबाईंना भांडं देऊन, हात धुऊन परत येईपर्यंत सगळं गाव माझी वाट बघत उभं असे.

त्या रविवारी दीर त्या खेळाचा पुढचा भाग घेऊन आला. तेच गाव, पण आता फोनच्या लाइनवरून ठिकठिकाणची माणसं एकाच वेळी त्यात शिरणार. त्यासाठी त्यानं सोमवारची रजाही टाकली होती. फोन सकाळपासून अडकलेला बघून नवरा कुरकुरला आणि पेपर घेऊन बसला. जेवणं झाल्यावर दिरानं मला खुर्चीत बसवलं.

"बघ आणि खरं सांग. ऑफिसात मी सगळ्यांना सांगितलंय, चित्रं पहिल्याच्या तोडीची असणार म्हणून."

नव्हती. तीच पायरी शिक्का मारल्यासारखी वरपर्यंत गेली होती. भिंतींवर एकच डाग, ठरावीक अंतरानं. ऊन कुठूनच येत नव्हतं. माणसं मात्र भरपूर होती, भडक कपड्यांची, इकडून तिकडे पळणारी.

मी तसं सांगितलं. तो नाराज झाला. म्हणाला, एवढी माणसं हलती दाखवायची तर मशीन दमतं, मग भिंती हलक्याच ठेवाव्या लागतात, पुढे मशीनं सुधारली की होईल. मी म्हटलं, थोडं होईल, सगळं नाही. आम्ही गिऱ्हाईकाला दाखवायला चित्र काढतो तेव्हा तो कुठे उभा राहून बघणार हे आधी ठरवतो, आणि तिथून सुंदर दिसेल असं काढतो. कामगारांसाठी काढतो त्या नकाशाकडे कुणीही, कुठूनही बघणार, म्हणून तो साधा आणि स्वच्छ लागतो. पहिला खेळ काढणाऱ्याला मी कुठे उभी असणार हे माहीत होतं. दुसऱ्याला नाही. त्याचं चित्र पडेलच असणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

"म्हणजे पहिलाच बरा?"

"चित्र म्हणून पहिलाच."

तेवढ्यात आतून हाक आली. मी सवयीनं बटण दाबलं आणि उठले. परत आले तर खेळातला माझा माणूस धक्क्यावर आडवा पडलेला आणि कुणीतरी त्याची पिशवी घेऊन चाललेला. दीर हसून लोळत होता.

"वहिनी, हा थांबत नाही गं. तिकडे खरी माणसं आहेत. ती काय तुझ्यासाठी थांबणार?"

मग तो खेळायला बसला. थोड्या वेळानं पुन्हा हाक आली. मी चहाचं आधण ठेवत होते. दीर पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "वहिनी, जरा बघतेस का? मला उठता येत नाही, हे थांबवता येत नाही." पेपरामागून नवराही म्हणाला, "अगं, आई हाक मारतेय."

मी गॅस बंद केला आणि आत गेले. सासूबाईंना पाणी हवं होतं.

"परत तूच? पाणी द्यायला ते दोघं बसलेत ना बाहेर?"

"बसलेत."

मी पाणी पाजलं, तोंड पुसलं आणि उभ्याउभ्याच विचारलं, की दिवसा बाई ठेवली तर चालेल का. उद्या मला ऑफिसात हजर व्हायचंय.

त्या म्हणाल्या, "परक्या बाईची मला कसली लाज? मुलांची वाटते. म्हणून तुला हाका मारते." आणि जरा दम घेऊन, "स्वच्छ बघ मात्र. आणि तंबाखू खाणारी नको."

बाहेर येऊन मी दोघांना सांगितलं. नवरा म्हणाला, उद्याच कसं जमेल, आठवडाभर थांब. मी म्हटलं, हे थांबवता येत नाही. तो दिराकडे बघायला लागला. दीर पडद्याकडे.

सोमवारी सकाळी मागच्या चाळीत गेले. तिथे नर्सिंग होममध्ये आयाचं काम केलेल्या एक बाई राहत होत्या. त्यांना घेऊन आले, पलंग, भांडं, गोळ्या दाखवल्या, आणि दिराला उठवून सांगितलं की आज घरात तू आहेस, लक्ष ठेव. वेळेवर ऑफिसात पोचले. माझ्या टेबलावर कुणाचा तरी डबा आणि छत्री होती. दोन्ही उचलून शेजारच्या स्टुलावर ठेवली आणि ओल्या फडक्यानं बोर्ड पुसायला घेतला.