फिल्म न काढलेला टीव्ही

बाबांचा डावा डोळा जात होता, आणि आमच्या घरात वर्षभर चर्चा चालली टीव्हीच्या पिक्चरची. हे मला अजून पचत नाही. मी आरोग्य सेविका आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या आसपासच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्यांना डोळे तपासायला जीपमध्ये बसवून हिंगोलीला पाठवणं हे माझंच काम. कोणाला अंधुक दिसतं, कोण उंबऱ्याला अडखळतं, हे मी दारोदार विचारत फिरते. घरी आल्यावर मात्र मला कोणी काही विचारू नये, कोणी काही सांगू नये, एवढीच इच्छा शिल्लक असते.

टीव्ही बाबांनी घेतला. शाळेतल्या शिपायाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर स्वतः हिंगोलीला जाऊन, दुकानात तासभर उभं राहून निवडला. नावाजलेल्या कंपनीच्या लहान टीव्हीच्या भावात त्यांना कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा त्रेचाळीस इंची स्मार्ट टीव्ही मिळाला. भिंतीवर बसवायला आलेल्या माणसानं पडद्यावरची फिल्म सोलायला नख लावलं, तर बाबा ओरडले, "काहून काढून राहिला? राहू दे. धूळ बसंल." आमच्याकडे नव्या वस्तूचं प्लास्टिक असंच राहतं. रिमोट पिशवीत, गाडीच्या सीटवर कव्हर, फ्रिजच्या दारावर निळा कागद. ते आपणहून फाटेपर्यंत कोणी हात लावत नाही.

तेव्हापासून पिक्चरची बोंब. उन्हाळ्यात पत्र्याखाली फिल्मला फुगे आले, आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या गालावर कायमचा फोड बसला. काळा रंग राखाडी दिसायचा. सिनेमात अंधाराचा प्रसंग आला की पडद्यावर आमचीच ट्यूबलाईट ठळक. माझी बाज कडेच्या भिंतीला, तिथून पाहिलं तर सगळ्या जगाला कावीळ झालेली. ड्युटीवरून येऊन पाठ टेकायची आणि रिमोट घेऊन सेटिंगशी झटत बसायचं, हा माझा रोजचा उद्योग झाला. व्हिव्हिड केलं की माणसांना शेंदूर फासल्यासारखं व्हायचं, सिनेमा मोड केला की तीच माणसं आजारी.

"बाबा, आता कसं दिसतंय?"

"बराबर हाय. एकदम क्लिअर."

दरवेळी हेच उत्तर. मला वाटायचं, आपली खरेदी फसली हे कबूल करायचं नाही म्हाताऱ्याला. माझी लेक तर त्यांना चिडवायची, "आजोबा, तुमच्या टीव्हीत पाऊसच पडत असतो." बाबा हसायचे आणि खुर्ची आणखी पुढे ओढायचे.

त्यात आईची बडबड. भाजी निवडता निवडता ती बाबांच्या शेजारी बसून सगळी मालिका सांगायची. "सासू आली बघा. हिरवी साडी हाय. चिठ्ठी लपवली तिनं, उशीखाली." माझं डोकं उठायचं. एकदा मी खेकसले, "माय, त्यांना डोळे आहेत ना? जरा गप बस की!" आई गप्प बसली. दुसऱ्या दिवसापासून ती हळू आवाजात सांगू लागली.

एका रविवारी दुपारी मी संतापून उठले. लेकीला शाळेचा कुठलासा व्हिडिओ पाहायचा होता, आणि फुग्यांमुळे त्यातली अक्षरं वाचता येत नव्हती. मी फिल्मच्या कोपऱ्यात नख घातलं आणि एका दमात सगळी टरकावली. बाबा आवाजानं दचकले.

खाली चांगला टीव्ही होता. अगदी भारीतला नव्हे, पण स्वच्छ. केस न् केस दिसत होता. लेक टाळ्या वाजवत नाचायला लागली. इतके दिवस आपण प्लास्टिक बघत होतो, म्हणून मला हसू आलं आणि मी बाबांकडे वळले. "बघा आता! पडला की नाही फरक?"

बाबा पडद्याकडेच पाहत होते. "कसला फरक?" ते म्हणाले. "होतं तसंच तर हाय."

लेक खो खो हसली. मीही हसले. आई हसली नाही. तिनं हातातली मेथी खाली ठेवली आणि म्हणाली, "त्यांना न्हाई दिसत. लई दिवसापासून. म्हणून तर मी सांगत असते."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"तू थकून येती. काही सांगाया गेलं की अंगावर येती. तुझे बाबाच म्हणले, तिला आणखी तकलीफ नको."

सोमवारी सुट्टी टाकून मी बाबांना हिंगोलीला नेलं. ज्या रांगेत मी दुसऱ्यांचे म्हातारे उभे करते, त्याच रांगेत. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. डावा जवळपास गेलाय, उजव्याची कडेची नजर गेलीय, उरलेली थेंबांनी सांभाळायची. गेलेली परत येणार नाही. मग माझ्या ओळखीमुळेच त्यांनी विचारलं, "सिस्टर, तुमच्या घरचा पेशंट इतका उशिरा कसा?" येतानाच्या जीपमध्ये बाबा डोळे मिटून बसले होते, आणि मला माझीच भयंकर लाज वाटत होती.

आता रोज संध्याकाळी मी थेंब घालते. टीव्हीवर धूळ बसते. बाबा रोज सकाळी रुमालानं पुसतात, डावीकडचा कोपरा तसाच राहतो. तो मी नंतर पुसते. आई स्वयंपाकाला लागली की मालिका सांगायचं काम माझ्याकडे येतं. मला ते जमत नाही. माणसांची नाती कळत नाहीत, आणि मध्येच डोळा लागतो.

काल असाच लागला. जाग आली तेव्हा बाबा पडद्याकडे तोंड करून बसले होते.

"झोप तू," ते म्हणाले. "मला बराबर दिसून राहिलं."

वर्षभर मी त्यांचं हेच ऐकून पाठ टेकत आले होते. मी उठून बसले, चष्मा लावला आणि म्हटलं, "सासू आली. पिवळी साडी आहे. दारातच थांबलीय."

बाबांनी खुर्ची थोडी माझ्या बाजूला सरकवली. "मग?" ते म्हणाले.