लिंपलेला झरोका

देवावर माझा विश्वास नव्हता असं म्हटलं तर ते पुरतं खरं होणार नाही. देवाशी माझं भांडण होतं. वडील सुधारणेच्या पुस्तिका आणत आणि जेवणं झाली की आम्हा दोघी बहिणींना समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखवत. अंगारे, उतारे, बायकांच्या जिवावर उठलेले सोवळेपणाचे नियम, या सगळ्यांवर त्यांत कोरडे ओढलेले असत. ते ऐकतच मी वाढले आणि लग्नाचा विचार बाजूला ठेवून अकोल्याला नर्सिंग शिकायला गेले. वडील गेल्यावर काकांनी माझ्या धाकट्या बहिणीला, शेवंतेला, मेडशीजवळच्या एका बागायतदार माळ्याच्या घरी दिलं. त्याची पहिली बायको, गिरिजा, बाळंतपणात गेली होती. लग्नात शेवंतेच्या गळ्यात त्या मेलेल्या बाईचा चांदीचा टाक, तिची छोटी प्रतिमा, बांधला, तेव्हा मी मांडवातून उठून बाहेर गेले. जिवंत पोरीच्या गळ्यात मेलेली सवत बांधणारा हा कोणता धर्म, असं मी काकांना सगळ्यांसमोर विचारलं होतं.

पौषात निरोप आला की शेवंता बाळंत झाली, मुलगा झाला, पण तिचं काही खरं नाही. मी मोटारीनं मेडशीला उतरले. जावई, म्हणजे शेवंतेचे यजमान, बैलांची दमणी घेऊन आले होते. वांग्याच्या वाफ्यांपाशी दमणी आली तेव्हा एवढंच म्हणाले, "अक्का, पहिलीचंबी असंच झालं होतं."

घरात शिरताच शेवंतेच्या सासूनं मला अडवलं. पाय धुवायला लावले, बाधा अडवायला दारात आडवा ठेवलेला विळा ओलांडून जायला सांगितलं. बाळंतिणीची खोली घराच्या मागच्या बाजूला होती. तिला एकच दार, आणि त्याच्यावरही घोंगडं टाकलेलं. आत बाजेखाली बाभळीच्या निखाऱ्यांची शेगडी धगधगत होती. आमच्या भागात बाळंतिणीला शेक लागतोच, आणि थंडीच्या दिवसांत ती शेगडी विझू देत नाहीत. धुराचा मागमूस नव्हता. धूर नाही म्हणजे निखारा निर्धोक, असं आमच्याकडे लहान पोरगंही सांगेल. माझ्याही मनात त्या घटकेला दुसरं काही आलं नाही.

शेवंता भिंतीकडे पाहत पडली होती. मला ओळखायला तिला वेळ लागला. "अक्का, तू तिच्यावर बसू नको," ती म्हणाली. मी बाजेच्या पायथ्याशी बसले होते. तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मी शिकल्याप्रमाणे एकेक गोष्ट पाहिली. बाळंतज्वर असेल या भीतीनं मी आले होते, पण अंगात ताप नव्हता. स्राव हवा तसा होता, त्याला दुर्गंधी नव्हती. पोट दाबून पाहिलं तर गर्भाशय घट्ट होऊन खाली उतरत होतं. पायांवर सूज नव्हती. आणि तरी नाडी पळत होती, डोकं ठणकत होतं, पोटात अन्न ठरत नव्हतं. मूल गुलाबी दिसत होतं, पण तोंडात स्तन दिला तरी ओढत नव्हतं. मला माहीत असलेल्या कोणत्याही रोगात हे सगळं एका ठिकाणी बसेना.

सासू दारातून माझ्या हातातल्या थर्मामीटरकडे पाहत होती. "काय वो नर्सबाई, तुह्या नळीत सवत दिसते का?"

"ताप दिसतो, मावशी. तो नाही."

"ताप कायले राहीन? गिरिजा येऊन राह्यली तिच्यापाशी. तिले आपलं लेकरू पाह्यजे."

मला संताप आला. मी म्हटलं, मेलेल्या बाईवर आळ घेणं सोपं असतं, ती उलटून बोलत नाही. सासूनं शेगडीत आणखी निखारे टाकले.

सकाळी चांदबी सुईण आली. तिनं शेवंतेला उचलून बाहेरच्या न्हाणीत नेलं, मुलालाही नेलं, तेल चोळलं, कढत पाण्यानं न्हाऊ घातलं. मी उन्हात उभी राहून पाहत होते. अंग पुसून होईतो शेवंता मला नावानं हाक मारून पेज मागू लागली. मूलही रडू लागलं, चांगलं खणखणीत. चांदबी हसून म्हणाली, "माह्या हातात जादू हाय, बाप्पा. पर त्या खोलीत बसलं का माह्यंबी डोस्कं फुटते. तुमच्या सवतीले माह्यावर कायचा राग हाय, अल्ला जाने."

मी तिच्या तोंडाकडे पाहतच राहिले. आम्हाला शिकवलेलं होतं की रोगी काय सांगतो ते ऐका, पण ते केव्हा होतं आणि केव्हा थांबतं ते स्वतः पाहा. इथे कुणाचं दुखतं यापेक्षा कुठे दुखतं हे मोठं होतं. उत्तर माझ्या अगदी जवळ आलं होतं, पण मला ते धरता येईना. खात्री करायची म्हणून दुपारी मी शेवंतेजवळ आत जाऊन बसले, आणि नजर न हलवता तिच्याकडे पाहत राहायचं ठरवलं. बाहेर लखलखीत ऊन होतं. सासू दारासमोर अंगणात तुरी पाखडत होती. घोंगडं पडलं, दार लागलं, आणि सुपाचा आवाज फार लांबून येऊ लागला.

आधी कपाळावर कुणी दोरी आवळावी तसं झालं. मग हातपाय जड झाले. मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल. झोप येत होती, आणि ती झोप इतकी गोड होती की तिची भीतीही वाटली नाही. शेवंता अगदी शांत आवाजात म्हणाली, "आली बघ."

बाजेच्या पायथ्याशी एक बाई बसली होती. माझ्याकडे तिची पाठ होती. केस मोकळे, ओले, पाठीला चिकटलेले. ती मुलाकडे पाहत नव्हती. तिचं लक्ष आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. जे दिसलं ते मी सांगते आहे, त्याच्या पलीकडे माझा काही दावा नाही. ती उठली. माझ्या डाव्या हाताच्या भिंतीपाशी गेली, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर तिनं तळहात ठेवला आणि तो तिथेच ठेवून ती उभी राहिली. मातीवर नखं घासल्याचा आवाज येत होता. दुसरी काही हालचाल नव्हती. कुणी दाराशी थांबून आपल्याला आत घेण्याची वाट पाहावी, तशी ती उभी होती.

दारापर्यंत जाण्याचं बळ माझ्यात नव्हतं. हाक मारायला तोंड उघडलं तर आवाज फुटला नाही. शिकलेलं सगळं माझ्या डोक्यात होतं, पण ते डोकंच माझ्या ताब्यात राहिलं नव्हतं. हात कसा उचलला गेला ते मला सांगता येत नाही. शेगडीजवळचा चिमटा हाताला लागला आणि त्या तळहाताच्या जागी मी तो भिंतीत खुपसला. माती आत गेली. अगदी सहज गेली, जणू ती भिंत नव्हतीच. पुन्हा खुपसला. ढेकळं पडली, पलीकडे रचलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या दिसल्या, आणि त्या काटक्यांमधून उन्हाची एक रेघ आणि गार वारा माझ्या तोंडावर आला.

मी त्या भोकाला तोंड लावून श्वास घेतला. मग मूल ओढून तिथे धरलं. ते आधी निपचित होतं, मग आचका देऊन रडलं. त्या रडण्यानं सासूनं दार उघडलं. जावयांनी शेवंतेला बाजेसकट अंगणात आणलं. मी अंगणात ओकले आणि पडल्यापडल्याच ओरडत राहिले की शेगडी बाहेर काढा, आत कुणी जाऊ नका. कोंडलेल्या निखाऱ्यातून असा एक वायू निघतो की त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला झोपेतच नेतो. आम्हाला हे एका ओळीत शिकवलं होतं. ती ओळ मला आता, उघड्यावर आठवत होती.

सासू मात्र खोलीत गेली. मी भिंत धरून तिच्यामागे दाराशी गेले, तर ती त्या भोकासमोर खाली बसली होती. ती बोलली तेव्हा तिचा आवाज निराळा झाला होता.

"इथं झरोका हाय हे तुले कोनं सांगतलं?"

"कुणी नाही, मावशी."

"गिरिजेचं रगत थांबेना. हवा द्या, हवा द्या करत होती. थंडी बाधीन म्हून म्या झरोका उघडला नाही. मेली तवा तिचा हात झरोक्याच्या फळीवरच होता. मंग ती तिथूनच वापस येईन म्हून म्याच फळी काढून लिंपला. बाहेरून पऱ्हाट्या लावल्या. या घरात कोनालेबी ठाऊक नाही. गडीमानसं या खोलीत येत नाहीत, माह्या लेकालेबी ठाऊक नाही."

फार रक्त गेलेली बाई हवा मागते. हे लक्षण आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात, कारण ते ओळखलं तर अजून काही करता येतं. गिरिजेनं आपला रोग आपल्या तोंडानं सांगितला होता. ऐकणारं कुणी नव्हतं. सासूला सुनावण्यासाठी आयुष्यभर जमवलेले शब्द माझ्याजवळ होते, पण तिच्या तोंडाकडे पाहून ते निघाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी जावयांनी झरोका पुरता मोकळा केला. शेवंता ओसरीत उन्हाला पडून भाकरीसाठी हट्ट करत होती, आणि मूल दूध पिऊन झोपलं होतं. सासू हातात तबक घेऊन आली. त्यात खण, नारळ, हळदकुंकू होतं. तिला गिरिजेची ओटी भरायची होती. बाळंतपणात गेलेल्या बाईची ओटी कुणी भरत नाही, तिला बांधतात, खिळतात, गावाबाहेर ठेवतात. झरोक्यापुढे आल्यावर म्हातारीच्या हातातलं तबक कलंडून सांडायला आलं.

असल्या तबकांविरुद्ध मी सभांतून बोलले आहे आणि पुढेही बोलेन. ते मी पुढे होऊन दोन्ही हातांनी धरलं. सासूनं झरोक्याच्या चौकटीला कुंकू लावलं, खण ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ये वो माय. आता उघडंच हाय."

वायूचं कारण मला सांगता येतं, आणि जिथे जाते तिथे मी ते सांगते. त्या भिंतीतली जागा मला कुणी दाखवली हे सांगता येत नाही, आणि ते शोधायचा हट्ट मी सोडला आहे. माझ्या शहाणपणानं हात टेकले तिथून पुढे कुणीतरी माझा हात धरला, एवढं मी मानते. आता रोग्याजवळ गेल्यावर मी नाडीला हात लावण्याआधी थोडा वेळ गप्प बसते. कुणी हवा मागितली, पाणी मागितलं, नुसतं पायथ्याकडे बोट दाखवलं, तरी आधी ऐकून घेते. मग उठून पहिल्यांदा खिडकी उघडते आणि वारा आत येईपर्यंत हात जोडून उभी राहते.