गुणाजीचा निळा

मरोळच्या कापड कारखान्यात, रंगखात्यात गुणाजी परबाचा शब्द शेवटचा. कापडाचा नमुना तो एकदाच बघायचा. "घेऊन जा रे, डोळ्यात बसला." मग वर्षांनंतरही तोच माल आला, की टाकीशी उभं राहून नुसत्या आठवणीवर छटा जुळवायची. काय ऐट होती म्हणता!

पुढे शेठने मशीन आणलं. ते चालवायला केमिस्ट्री शिकलेली दीप्ती. तिने समजावलं, "काका, उजेडात सगळे रंग असतात. कापड त्यातले काही गिळतं, बाकीचे परत धाडतं. मशीन तो परतलेला उजेड फोडून कुठला रंग किती आला ते मोजतं."

"मोजू दे की. मी काय आंधळा?"

आणि मशीनने बोट ठेवलं ते गुणाजीच्याच मालावर. निळा जास्त. पुन्हा तपासलं, तरी जास्तच. आता चूक गुणाजीची कशी असेल? रंग तोलून द्यायचा त्याचा सख्खा पुतण्या, सुशांत. "हाच जास्त तोलतो," गुणाजी शेठसमोर गरजला.

सुशांत पाया पडला. "काका, तुम्हीच म्हणता ना, अजून टाक, अजून टाक!"

शेठने जुन्या माणसाचं ऐकलं. सुशांत घरी बसला, आणि भावाच्या घरचा गणपती गुणाजीला कायमचा बंद झाला.

मग निघाला मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची पट्टी सोडून गुणाजी घरी आला, तर दारात बायको, रुक्मिणी. अंगावर त्यानेच रंगवलेली साडी, लग्नातल्या साडीचा रंग आठवून केलेली. केवढी भडक निळी! त्याने उजवा डोळा झाकला. साडी लगेच लग्नातली झाली. डोळा उघडला, परत भडक.

त्याने साडीचा पदर हातात धरला. "डोळ्यातच पिवळी काच होती गं. निळा तिथेच गिळला जायचा, आणि मी टाकीत ओतवत राहायचो."

"मी तेवाच सांगललंय, रंग लय चढलो म्हणान," रुक्मिणी म्हणाली. "माझा ऐकता कोण?"

तसाच उठून तो पुतण्याकडे गेला. सुशांत रिक्षा पुसत होता.

"चल रे, शेठला सांगतो. चूक माझी होती."

"मशीनने सांगितलं, दीप्तीने सांगितलं, मी पाय धरून सांगितलं. तेव्हा पटलं नाही. आज तुमच्याच डोळ्याने सांगितलं, तर पटलं." सुशांतने फडकं पिळलं. "मग त्या डोळ्याशीच बोला, काका." आणि रिक्षा काढून गेला.

डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली आणि गेली. रुक्मिणी कटकट करते, गुणाजी हलत नाही. तिने ती साडी नेसली की उजव्या डोळ्यावर हात धरून बसतो.

डाव्याला अजून सगळं बरोबर दिसतं.