माझ्या घरचे तांदूळ

"तू त्या ताटापासून ऊठ. पटकन."

मॅडमनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं. हसत. समोर पालक बसले होते ना, म्हणून हसत. माझ्या मांडीवर चार वर्षांची ईरा होती. तिचं बोट मी धरलं होतं आणि ताटात पसरलेल्या तांदळात आमचा 'अ' अर्धा काढून झाला होता. मी उठले. "व्हाय, टीचर?" ईरा म्हणाली.

पाच वर्षं होतील आता. दसऱ्याचा कार्यक्रम, दोहातल्या अल मन्सूरामधली आमची लहानशी शाळा.

मॅडमनी ताट उचलून आत नेलं. मी मागोमाग गेले. त्यांनी ते तांदूळ कचऱ्याच्या काळ्या पिशवीत ओतले. 'अ'सकट.

"अगं, मला काही नाही त्याचं," त्या म्हणाल्या. "पण पालकांनी ऑब्जेक्शन घेतलंय. यंदा ईराच्या आजी बसतील ताटाशी. तू प्रसादाचं बघ."

कारण मला ठाऊक होतं. आदल्या आठवड्यात शाळेच्या व्हरांड्यात भावाशी फोनवर बोलत होते. तो परभणीला असतो. शेवटी नेहमीसारखं "ठेवते, जयभीम" म्हटलं आणि वळले, तर मागे मॅडम उभ्या. "अगोबाई, तू त्यांच्यातली? वाटत नाहीस हं." हे त्या कौतुकानं म्हणाल्या. त्यांना खरंच ते कौतुक वाटत होतं.

ही शाळा आम्ही दोघींनी उभी केली. मॅडम पुण्याच्या, त्यांचे मिस्टर गॅस कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. माझा नवरा एसी दुरुस्त करतो. दोन गल्ल्या सोडून आमची एक खोली. मी डी.एड. झालेली, घरात बसून कंटाळलेली. मॅडमनी एक व्हिला भाड्यानं घेतला, त्याच्या हॉलमध्ये अकरा पोरं बसवली आणि मला बोलावलं. त्या परवान्यासाठी हिंडायच्या. पोरं माझ्याकडे. शेंबूड मी पुसला, चड्ड्या मी बदलल्या, भिंतीवरची चित्रं मी काढली. दसऱ्याला तांदळाच्या ताटात पहिलं अक्षर काढून घ्यायचं, ही कल्पनाही माझीच. मी देवबिव मानत नाही. पण पोराचं बोट धरून पहिलं अक्षर काढणं मला फार मोठं वाटतं. माझ्या आईचं बोट कुणी धरलं नाही. ती अजून अंगठा उठवते.

सहा दसरे मी त्या ताटाशी बसले. सहा वर्षं माझा हात स्वच्छ होता. एका शब्दानं तो बाटला.

तर तांदूळ ओतून झाले आणि मॅडमच्या लक्षात आलं की कपाटात दुसरे तांदूळ नाहीत. शुक्रवारची दुपार. जुम्म्याच्या नमाजाची वेळ, त्यामुळे गल्लीतली सगळी दुकानं बंद. बाहेर पालक खोळंबलेले. मॅडमनी माझा दंड धरला.

"अगं, तुझं घर जवळ आहे ना? तुझ्याकडचे आण किलोभर. यल्ला, पळ. आणि कुणाला बोलू नकोस."

आणि मी पळाले. हे लिहिताना स्वतःचीच शिसारी येते. उन्हातून पळत गेले, डब्यात हात घालून तांदूळ काढले, पळत परत आले. ते नव्या ताटात पसरले गेले. ईराच्या आजींनी वर हळदकुंकू वाहिलं आणि एकेका पोराचं बोट धरलं. शेवटी सगळ्यांनी ते तांदूळ मूठमूठ घरी नेले, रिवाजाप्रमाणे खिरीत घालायला.

"तांदूळ छान वासाचा आहे हो," आजी म्हणाल्या.

"आपल्याकडचाच आहे," मॅडम म्हणाल्या.

आपल्याकडचा! माझ्या डब्यातला दाणा त्यांच्या खिरीत चालतो, माझं बोट त्या दाण्यावर चालत नाही. आणि ही घाण झाकायला मीच धावले, चप्पलसुद्धा न घालता.

शाळा वाढली. आता तीन मजली इमारत आहे, बस आहेत, पोरांच्या गळ्यात टाय आहेत. मी अजून तिथंच शिकवते. दर दसऱ्याला मी प्रसाद वाटला. माझी लेक त्याच शाळेत आहे, म्हणून तोंड शिवून वाटला.

गेल्या महिन्यात शाळेच्या इतिहासावर फिल्म करायची ठरली. मॅडम मला म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासूनची तूच उरलीस. मराठीतच बोल, होमली वाटतं. दसऱ्याचं सांग, पालकांना आवडतं ते."

मी सांगितलं. अर्धा 'अ', काळी पिशवी, नमाजाची वेळ, माझा डबा. कॅमेरावाला मलयाळी. त्याला एक शब्द कळत नव्हता. तो आपला मान डोलावत शूट करत राहिला.

"खलास! बंद कर ते!" मॅडम ओरडल्या. मग माझ्याकडे वळल्या. "इतकी वर्षं मनात धरून बसलीस? काय कमी केलं मी तुला? तुझ्यासारखीला टीचर केलं."

"माझ्यासारखी म्हणजे कशी?"

त्यांनी कॅमेरावाल्याला सामान आवरायला सांगितलं. मी दोनदा विचारलं.

फिल्म आली. त्यात मी आहे. प्रसाद वाटताना, हसत.

दसरा पुढच्या आठवड्यात आहे. काल कामांची यादी ग्रुपवर आली. ताटाशी ईराच्या आजी, प्रसादाला मी. मी खाली लिहिलं, "प्रसाद वाटणार नाही. ताटाशी मी बसणार." सगळ्यांनी वाचलं.

नवऱ्यानं विचारलं, "नोकरी गेली तर? पोरीची शाळा?" त्याची भीती खोटी नाही. दोन्ही जाऊ शकतं. पण माझ्या लेकीनं मला कुणासाठी तांदूळ घेऊन पळताना बघायचं नाही.

शुक्रवारी मी लवकर जाणार. ताटासमोर मांडी घालून बसणार. या वेळी कानात सांगून भागणार नाही. मला उठवायचं असेल तर माईक हातात घेऊन, सगळ्या पालकांदेखत, कारणासकट सांगावं लागेल.

आणि सांगितलं तरी मी उठणार नाही.