डब्याला टेकवलेला फोन

दुपारी वाचनालयात समोरच्या टेबलावर एका विद्यार्थिनीने आपला फोन जेवणाच्या डब्याला टेकवून उभा केला होता. त्याला वायरने कीबोर्ड जोडलेला. तिच्याकडे लॅपटॉप नव्हता आणि संध्याकाळपर्यंत कॉलेजात संगणकाचा प्रोग्राम लिहून द्यायचा होता, म्हणून ती फोनवरच संगणकाची लिनक्स प्रणाली बसवत होती. तासभर पडद्यावर मोहरीएवढ्या अक्षरांच्या ओळी सरकत होत्या.

काम संपत आलं आणि फोन थरथरला. पडद्यावर ‘आई’.

“उचलू नको हं,” शेजारची मैत्रीण कुजबुजली. “मघासारखं मध्येच बंद पडेल. परत पहिल्यापासून!”

तिने उचलला. “हो गं, जेवले. नाही, कामात नव्हते.”

फोनला संगणकाचं काम शिकवता येतं, तरी आईसाठी तो फोनच राहतो. तिच्या लेखी मुलीने आधी जेवायचं असतं, बाकीचं शिक्षण त्यानंतर.

बोलणं संपलं तेव्हा ओळी थांबल्या होत्या. तिने पहिली आज्ञा पुन्हा टाइप केली.

“बस आता तासभर,” मैत्रीण म्हणाली.

“तेवढ्यात जेवून येते.”

फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ती डबा घेऊन व्हरांड्यात गेली.