खेळण्यांवरचं प्लास्टिक

शर्टांच्या त्या कारखान्यात सगळ्यात देखणी खोली कुठली, तर मुलांची. पिवळ्या भिंती, निळे पाळणे, खिडकीला पडदे, कोपऱ्यात लाकडी घोडा, ढोल, ठोकळे आणि बाहुल्या. मालकाच्या केबिनलासुद्धा एवढा थाट नव्हता. खोट एकच होती, खोलीला बारा महिने कुलूप असे. त्या कुलपाची किल्ली जिच्या कमरेला, तिला सगळे किल्लीमावशी म्हणत.

मावशीचा जन्म या कारखान्यात गेला होता. तरुणपणी ती काज-बटणाला बसायची. तिच्या हाताखालून गेलेले शर्ट घालून कुठल्या कुठल्या देशांत माणसं साहेब झाली असतील, देव जाणे. तिच्या नवऱ्याच्या अंगाला मात्र तसला शर्ट शेवटपर्यंत लागला नाही. पुढे डोळ्यांनी दगा दिला, सुई दिसेना. तेव्हा मॅनेजरने तिला घरी न पाठवता शिवलेल्या मालाचे लोंबते धागे कापायला बसवलं आणि वर ही किल्ली दिली. या उपकाराची मावशीला जाण होती. जरा जास्तच होती.

किल्लीचं काम सोपं होतं. माल घेणाऱ्या परदेशी कंपनीची माणसं कारखाना बघायला येणार असली, की आदल्या दिवशी बायांना निरोप जाई, उद्या पोरं घेऊन या, न्हाऊमाखू घालून आणा. मावशी खोली उघडायची, पोरांना भिंतीला टेकवून ओळीने बसवायची. पाहुणे कौतुक करून गेले, की पोरं घरी आणि खोलीला कुलूप. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे म्हणतात, ते हेच. मावशी ते दात घासूनपुसून ठेवायची. खेळण्यांवरचं प्लास्टिकसुद्धा तिने निघू दिलं नव्हतं, कारण काही तुटलं तर तुमच्या पगारातून कापीन, असं मॅनेजरने बजावलं होतं. एखाद्या पोराचा हात घोड्याकडे वळला, की मावशी जागेवरूनच ओरडायची, "हात लावू नको."

एरवी ही पोरं असत कुठे? ज्याची त्याला सोय. मावशीची मुलगी कॉलरच्या मशीनवर होती, आणि तिची लेक, जिला सगळे पिटुकली म्हणत, वस्तीतल्या शेजारणीकडे असायची. शेजारीण काही वाईट बाई नव्हती. पण एका खोलीत डझनभर पोरं आणि शिवाय पाकिटं चिकटवायचं घरकाम, म्हणजे बाईने करावं तरी काय? ती पोरांना खोकल्याचं औषध पाजायची. खोकला नसला तरी पाजायची. पोरं गपगार झोपून राहत. आपली नात किती गुणाची, रडत म्हणून नाही, असं मावशी बरेच दिवस चारचौघींत मिरवत होती. मग एका संध्याकाळी तिने पिटुकलीला उचललं, तर पोरीने मानच टाकली. गाल थोपटले, तोंडावर पाणी मारलं, तेव्हा कुठे डोळे किलकिले झाले.

त्या दिवशी मायलेकी शेजारणीशी कडाकडा भांडल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोर पुन्हा तिच्याकडेच नेऊन ठेवली. दुसरीकडे ठेवणार कुठे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

तेव्हापासून कमरेची किल्ली मावशीला टोचू लागली. एकदा धीर करून तिने मॅनेजरला विचारलं, खोली रोज उघडली तर? तो वैतागला. रोज उघडायची म्हणजे रोजचा खर्च, तो कोण देणार? ती परदेशी कंपनी दरवर्षी भाव पाडून मागते आणि वर पाळणे आहेत का म्हणून विचारते. पाळणे हवेत तर भाव वाढवा म्हणावं त्यांना. मॅनेजर अगदीच खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती.

आणि मग तपासणीचा दिवस आला. या वेळी एक तरुण बाई आली होती. आधीचे पाहुणे भिंती बघून माना डोलवत. ही सरळ फरशीवर मांडी घालून बसली आणि पोरांकडे बघत राहिली. मग तिने मॅनेजरला काहीतरी विचारलं, आणि मॅनेजरचा चेहरा खर्रकन उतरला.

"मावशी, बाई विचारताहेत," तो म्हणाला, "समोर एवढी खेळणी आहेत, मग एकही मूल खेळत का नाही?"

पोरं भिंतीला टेकून, हात मांड्यांखाली दाबून बसली होती. मावशीनेच तसं शिकवलं होतं. बोलायचं तर हीच वेळ. पण पलीकडच्या गल्लीतला कारखाना तिला आठवला. तिथलं बिंग असंच फुटलं होतं. खरेदीदारांनी फार दुःख झाल्याचं कळवलं, हात झटकले आणि माल दुसऱ्या देशातून घ्यायला लागले. तिथल्या बाया मात्र काम मागत दारोदार फिरल्या. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात. तिथे जळलं ते नुसतं ओलंच. मावशीला मॅनेजरचा राग आला, मालकाचा आला, आणि मऊ डोळ्यांनी बघणाऱ्या त्या पोरसवदा बाईचाही आला. स्वस्त शर्ट हवेत तुम्हाला, आणि पोरंही हसती-खेळती हवीत.

"लाजतात," ती म्हणाली. "नवीन माणूस दिसलं की लाजतात."

पाहुणीला ते पटलं असं दिसलं नाही. जाताना ती मॅनेजरला सांगून गेली, की पुन्हा येईन आणि त्या वेळी आधी कळवणार नाही.

तिची गाडी गेल्यावर मॅनेजर घाम पुसत परत आला. मावशी, तुम्ही आज लाज राखलीत, आता पोरं घरी धाडा आणि कुलूप लावा, असं म्हणाला. मावशी हलली नाही. उद्यापासून खोली रोज उघडी राहील, असं तिने सांगितलं. मॅनेजरला आधी हसू आलं. मग त्याने आठवण करून दिली, की धागे कापायला फाटकाबाहेर बायांची रांग लागलेली असते.

"असू दे की," मावशी म्हणाली. "पण त्या बाईने मला पाहिलंय. येईल तेव्हा ती मलाच विचारणार. आज पोरं लाजली, साहेब. पुढच्या खेपेला लाजतील, याची हमी मी देत नाही."

मॅनेजर मालकाकडे गेला. आत काय बोलणं झालं कुणास ठाऊक. संध्याकाळी हुकूम आला: खोली उघडा, दूध ज्याचं त्याने आणायचं, मावशीचा पगार आहे तोच. पैसा सोडताना मालकाचा हात नेहमीच आखडायचा. मावशी मात्र त्या रात्री कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

सकाळी पोरं आली आणि सवयीने भिंतीला टेकून बसली, हात मांड्यांखाली. खेळा रे, मावशी म्हणाली. कुणी हललं नाही. तिने पुन्हा सांगितलं. मग पिटुकली हळूच उठली, घोड्यापाशी गेली, तिने हात पुढे केला, आणि मावशीच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "हात लावू नको."

पोरीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि ती भिंतीशी जाऊन बसली.

मावशीला रडू फुटलं. कुलूप काढायला एवढा जीव टांगणीला लावला, आणि दुसरं कुलूप तिच्याच जिभेवर होतं. ती गुडघे धरत खाली बसली, ढोल पुढे ओढला आणि त्याचं प्लास्टिक सोलायला लागली. नखांनी निघेना, तेव्हा दातांनी फाडलं. आणि आयुष्यात कधी ढोल न वाजवलेल्या त्या बाईने दोन्ही हातांनी तो बडवायला सुरुवात केली. ना ताल, ना सूर. पोरं तोंडं उघडी टाकून बघत राहिली. मग पिटुकली आली. तिने आजीच्या तोंडाकडे बघून खात्री केली आणि एक इवलीशी थाप मारली. मग दुसरी, जरा जोरात.

भिंतीपलीकडे मशीनं चालू होती. काम चालू असताना हात थांबवायची मुभा नव्हती, म्हणून हात थांबले नाहीत. माना तेवढ्या वर झाल्या. त्या दिवशी कॉलरच्या मशीनवर एक शर्ट वाकडा शिवला गेला, आणि सुपरवायझर ओरडत असताना शिवणारी हसत होती.