मयत नसलेल्या घरचा दुखवटा

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले आणि त्यातले बरेचसे आता आठवतही नाहीत. पण निजामी अमदानीत मी नवा अमीन, म्हणजे आजचा फौजदार, असताना केलेली एक साधी चौकशी काही केल्या विसरत नाही. नावं घेत नाही; त्या मंडळींची नातवंडं याच जिल्ह्यात नांदत आहेत.

उमरग्याच्या बाजूला, आमच्या ठाण्याच्या हद्दीत, हैदराबादच्या कायदेमंडळाचे एक सभासद राहत. भुसाराचे व्यापारी, लिंगायत, मराठी आणि कानडी सारख्याच सहजतेने बोलणारे. सगळे त्यांना अप्पा म्हणत. मंडळाची बैठक आटोपली की तिथे काय झालं ते ते गावोगाव सांगत. त्या काळी परवानगीशिवाय सभा घेता येत नसे आणि अप्पांना ती मिळत नसे. लग्न, पूजा आणि दुखवटा यांना मात्र परवानगी लागत नव्हती. म्हणून अप्पा परतले की दुखवट्याच्या घरी जात, घोंगडीवर बसत, गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलत आणि मग हैदराबादची हकिकत सांगत. जमलेलं सांगत तसं फसलेलंही सांगत. जनावरांचा दवाखाना मागितला होता, मिळाला नाही, पुन्हा मागणार, असं सरळ बोलणारा पुढारी मी तोवर पाहिला नव्हता. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं, पण बोट ठेवायला जागा नव्हती.

एका सकाळी जवळच्या गावचे पाटील घाईघाईने ठाण्यावर आले. अप्पा त्यांच्या गावात आले होते आणि एका शेतकऱ्याच्या अंगणात मंडळी दुखवट्याला बसली होती. पाटील म्हणाले, "साहेब, मयतीची नोंद माझ्याकडं असती. त्या घरात कुणीच मेल्यालं न्हाय."

म्हणजे दुखवटा खोटा आणि सभा खरी. हे शाबीत झालं असतं तर अप्पा तुरुंगात गेले असते, मंडळातली जागाही गेली असती आणि तो शेतकरीही सुटला नसता. मी रोजनामच्यात नोंद केली आणि पाटलांना व जमादाराला घेऊन निघालो.

अंगणात माणसं खरोखरच मान खाली घालून बसली होती. मयत कोणाची, असं घरधन्याला विचारलं.

"ढवळ्याची, साहेब. माझा बैल."

जमादाराला हसू आवरेना. मला मात्र राग आला. बैल गेला की गावकरी भेटायला येतात, हे शेतकऱ्याचा मुलगा म्हणून मी जाणत होतो, पण सबब म्हणूनही ती झकास होती. मी एकेकाला गोठ्यात बोलावून वेगवेगळे जबाब घेतले. पढवलेले साक्षीदार एकच गोष्ट एकाच शब्दांत सांगतात. इथे एकाने ढवळ्याचं डावं शिंग मोडकं असल्याचं सांगितलं. दुसरा म्हणाला, तो घरधनिणीच्या हातचीच पेंड खायचा. तिसऱ्याला त्याने एकदा लाथ मारली होती, आणि ते सांगताना त्याचे डोळे भरून आले. मग शेतात गेलो. ताज्या मातीवर हळदकुंकू वाहिलेलं होतं. पंचांसमक्ष माती उकरली तेव्हा मोडकं शिंग वर आलं. दुखवटा खरा होता.

पंचनाम्यासाठी म्हणून मी विचारलं, बैल मेला कशाने? घरधनी पाटलांकडे पाहून गप्प झाला. इथे पाणी मुरतंय हे कळायला फार अनुभव लागत नाही. मी पाटलांना जमादाराबरोबर चावडीवर पाठवलं, तेव्हा तो बोलू लागला. दौऱ्यावरच्या एका अंमलदाराचे तंबू वाहायला पाटलांनी त्याची गाडी वेठीला धरली होती. बैल आजारी आहे म्हणून तो पाया पडला, तरी त्यांनी ऐकलं नाही. ढवळ्या तुळजापूरच्या वाटेवरून कसाबसा परत आला आणि गोठ्यात बसला तो उठलाच नाही.

तुम्ही या लोकांना काय सांगितलंत, असं मी अप्पांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "सरकारचाच हुकूम सांगितला. धन्याची मर्जी असल्याबिगर अन् भाडं दिल्याबिगर कुणाची गाडी धरायची न्हाय. मंडळात म्या सवाल केला, सरकारनं मान्य केलं. गावात दवंडी झाली का, तेवढं तुम्ही विचारा."

तो हुकूम ठाण्यावरही आला होता. दवंडी देणाऱ्याला बोलावलं, तर पाटलांनी त्याला काही सांगितलेलंच नव्हतं. अप्पांना अडकवायला निघालेल्या पाटलांनी पोलीस स्वतःच्याच दारात आणून हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. मी माझ्यासमोर दवंडी द्यायला लावली. अहवालात लिहिलं की दुखवटा खरा असून भाषण सरकारी हुकमाचंच होतं. पाटलांचं प्रकरण तहसीलदारांकडे गेलं. माझ्या वरिष्ठांनी मिशीत हसत सही केली आणि म्हणाले, दुखवटा माणसाचाच असावा असं कायद्यात कुठं लिहिलंय?

कायदा करणं हे अर्धंच काम आहे, हे मला त्या चौकशीने शिकवलं. तो ज्याच्यासाठी केला त्याच्या अंगणापर्यंत नेणं हे उरलेलं अर्धं, आणि तेच जास्त कठीण. अप्पा ते तुरुंगाची टांगती तलवार डोक्यावर घेऊन करत. त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटला, आजही वाटतो.

पुढच्या सुगीत एका तपासासाठी त्याच गावी गेलो आणि माझा घोडा लंगडला. ठाण्यावर परतायला गाडी हवी होती, म्हणून त्याच शेतकऱ्याच्या दारी गेलो. भाडं देईन म्हणालो. ढवळ्याच्या जागी नवा बैल दावणीला होता. शेतकऱ्याने हात जोडले, आधी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आज न्हाय जमायचं, साहेब. बैल दमल्यात."

वर्दीतल्या माणसाला त्या मुलखात कोणी नाही म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. जमादार पुढे सरसावला, त्याला मी थांबवलं आणि आम्ही पायीच निघालो. टाचा सोलून निघाल्या, पण वाटभर मी खुशीत होतो. ठाण्यावर पोचल्यावर पाणीसुद्धा न पिता आधी अप्पांकडे माणूस धाडला. निरोप एवढाच होता की तुमचा हुकूम गावात पोचला.